घटस्थापना ते भाऊबीज : पुण्यात बियांपासून लॅव्हेंडर

लॅव्हेंडरच्या बियांच्या पाकिटामागे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं : पेरणी मार्च ते मे. पुण्यात राहून ही ओळ ज्यानं मनावर घेतली त्याच्या लॅव्हेंडरचा निकाल तिथेच लागला. जिथे मार्चमध्ये बर्फ वितळतं तिथलं ते वेळापत्रक. आपल्याकडे मार्चमध्ये माळ्यावरून माठ खाली येतो. मीसुद्धा पहिल्या वर्षी इमानेइतबारे पाडव्याच्या आधी ट्रे भरला, गच्चीत ठेवला, दिवसातून दोनदा पाणी फवारलं आणि दीड महिना नुसत्या ओल्या मातीकडे बघत बसले. एक बी उगवलं नाही. लॅव्हेंडरच्या बीला उगवायला साधारण १५ ते २२ अंशांचा गारवा लागतो आणि आमच्या गच्चीची फरशी रात्री दहालाही कोमट असायची.

तेव्हापासून माझ्यापुरतं ठरलं आहे : पुण्यात लॅव्हेंडर हे रब्बीचं पीक. हरभऱ्यासारखं. पाऊस गेला, रात्री गार व्हायला लागल्या की पेरायचं, थंडीत वाढवायचं, उन्हाळ्यात सांभाळायचं आणि पावसाळ्यात त्याचा जीव वाचवायचा. पुढचं सगळं या हिशेबावर बेतलेलं आहे.

कुठलं लॅव्हेंडर?

लॅव्हेंडर हे एकच झाड नाही. त्याच्या चाळीसहून जास्त जाती आहेत, सगळ्या तुळस, पुदिना, रोझमेरीच्या कुळातल्या. लॅव्हेंडरचा म्हणून आपण ओळखतो तो वास 'लॅव्हांड्युला अँगुस्टिफोलिया'चा. बाजारात त्याला इंग्लिश लॅव्हेंडर म्हणतात, पण त्याचं मूळ घर भूमध्य समुद्राच्या आसपासचे कोरडे, खडकाळ डोंगर. बी सगळ्यात सहज याचंच मिळतं : मन्स्टेड, हिडकोट, लेडी ही त्यातली नेहमीची नावं.

आता जे पाकिटावर छापत नाहीत ते सांगते. या जातीला नीट फुलायचं तर काही आठवडे खरीखुरी थंडी लागते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो तो मोजके दिवस, आणि दुपारी पुन्हा २८-३० वर येतो. तेवढ्यानं त्याचं भागत नाही. झाड होतं, पानांना हात लावला तरी वास येतो, फुलं मात्र चार-दोन येतात किंवा येतच नाहीत. भदरवाहच्या जांभळ्या शेतांचे व्हिडिओ बघून हुरूप आला असेल तर एवढं लक्षात ठेवा की ते गाव जम्मूच्या डोडा जिल्ह्यात आहे, तिथे हिवाळ्यात बर्फ पडतं आणि सीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेच्या अरोमा मिशनमधून तिथल्या शेतकऱ्यांना मिळाली ती तयार रोपं.

तरीही इंग्लिशच हवं असेल तर 'लेडी' घ्या. बियांपासून लावल्यावर पहिल्याच वर्षी फुलावं म्हणून काढलेला तो वाण आहे आणि त्याला १९९४ साली अमेरिकेतला 'ऑल-अमेरिका सिलेक्शन्स'चा पुरस्कार मिळालेला आहे. पुण्यातही फुलांची थोडीफार आशा धरायची ती याच्याकडूनच.

दुसरा रस्ता म्हणजे थंडीवाचून फुलणाऱ्या जाती. 'डेंटाटा', जिच्या पानांच्या कडा करवतीसारख्या असतात, आणि 'मल्टिफिडा', जिची पानं नेच्यासारखी चिरलेली असतात. नर्सरीत फुलांसकट 'लॅव्हेंडर' म्हणून हातात ठेवतात ते पुष्कळदा यांपैकीच एक असतं. मल्टिफिडाचं बी लवकर उगवतं, उन्हाला दबत नाही आणि नोव्हेंबरात पेरलेलं फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलू शकतं. खोट एकच, वास ओव्याकडे झुकतो. उशीखाली ठेवायला फुलं हवी असतील तर ही जात निराशा करेल, डोळ्यांना जांभळं हवं असेल तर हिच्यासारखी दुसरी नाही. तिसरी 'स्टीकस', कणसासारख्या बोंडावर सशाचे कान उभे असल्यासारखं फूल येणारी. युनानी औषधांत उस्तुखुद्दूस म्हणतात ती हीच.

'ग्रोसो' किंवा 'प्रोव्हान्स' या नावानं कुणी बी विकत असेल तर हात जोडून पुढे जा. हे लॅव्हँडिन नावाचे संकरित वाण आहेत आणि ते वांझ असतात. त्यांना बी धरतच नाही, मग पाकिटात काय भरलं असेल ते विकणाऱ्यालाच माहीत.

माझा सल्ला विचाराल तर पहिल्या वर्षी अर्धा ट्रे मल्टिफिडा, अर्धा लेडी. एक फुलेल, दुसरं शिकवेल.

लॅव्हेंडर परदेशी म्हणून आपण इतके हळवे होतो, पण त्याची एक सख्खी बहीण सह्याद्रीत आणि दख्खनच्या माळांवर रानात उगवते. लॅव्हांड्युला बायपिन्नाटा, मराठीत घोडेघुई. पावसाळा सरता सरता खडकाळ उतारांवर तिचे पांढरट-निळसर फुलांचे तुरे दिसतात. साबणाचा वास तिच्याकडून मागू नका, पण ती उभी कुठे असते ते वाकून बघा : बोटभर मातीत, खाली कातळ, पाणी पडलं की वाहून गेलेलं. माती कशी हवी ते ती एका नजरेत सांगते.

बी घेताना

मार्चचा फजितवडा झाल्यावर दुसऱ्या वर्षी मी ऑनलाइन 'ब्लू लॅव्हेंडर, २०० बिया' मागवलं. चौथ्या दिवशी ट्रे हिरवागार. घरभर सांगत सुटले. तीन आठवड्यांनी पान चुरगाळून हुंगलं तर चक्क सब्जा! तेव्हापासून माझी सोपी परीक्षा : चार दिवसांत सगळंच्या सगळं उगवलं तर ते इंग्लिश लॅव्हेंडर नव्हे. खरं लॅव्हेंडर दोन आठवड्यांच्या आत क्वचित तोंड दाखवतं, आणि तेही एकेक करून, रुसल्यासारखं.

बी हातावर घेऊन पाहा. इंग्लिश लॅव्हेंडरचं बी लांबट, गडद तपकिरी ते काळं, तुकतुकीत, दोन मिलिमीटरच्या आसपास असतं आणि एका टोकाला बारीकसा पांढरा ठिपका असतो. एका ग्रॅममध्ये साधारण हजारेक बिया बसतात. निळं किंवा जांभळं बी नसतं. पाकिटावर वाणाचं नाव, लॉट नंबर आणि मुदत छापलेली हवी. नुसतं 'लॅव्हेंडर मिक्स' लिहिलेलं पाकीट मी घेत नाही. बी शक्यतो त्याच वर्षीचं असावं, जुनं होईल तशी उगवण घटते. ताजं बी असलं तरी निम्मं उगवलं तर खूश व्हायचं, त्यामुळे पाच झाडं हवी असतील तर तीसेक बिया पेरा.

फ्रीजमधला महिना

डोंगरातलं बी जमिनीवर पडतं, अख्खा हिवाळा गारठ्यात काढतं आणि ऊब आली की जागं होतं. तो हिवाळा आपण फ्रीजमध्ये करायचा. चार ते पाच आठवडे, चार-पाच अंशांत, ओलसर अवस्थेत. कोरडं पाकीट फ्रीजमध्ये ठेवलं तर बी टिकेल, पण झोपमोड होणार नाही. ओल हवीच.

याचा मुहूर्त मला आयता सापडला. घटस्थापनेच्या दिवशी घरात घटाभोवती धान्य पेरतात, त्याच दिवशी मी लॅव्हेंडर फ्रीजमध्ये ठेवते. भाऊबीज येईपर्यंत तीस-एकतीस दिवस होतात आणि तोवर पुण्याची ऑक्टोबरची काहिली उतरून रात्री गार झालेल्या असतात. दोन्ही गणितं एका फटक्यात सुटतात.

चार चमचे बारीक वाळू घ्या, धुऊन उकळत्या पाण्यानं निर्जंतुक करा आणि गार होऊ द्या. पाणी इतकंच ठेवा की मुठीत दाबल्यावर लाडू वळेल पण बोटांतून थेंब येणार नाही. त्यात बी कालवा, झिपच्या छोट्या पिशवीत भरा आणि भाजीच्या कप्प्यात ठेवा. फ्रीजरमध्ये अजिबात नको. दर रविवारी उघडून एकदा बघायचं. बुरशीचा पांढरा धागा दिसला तर बी ताज्या वाळूत हलवायचं. एखादं बी फ्रीजमध्येच फुटलं तर महिना पुरा व्हायची वाट न बघता पेरून टाकायचं. मल्टिफिडाला हे सोपस्कार लागत नाहीत, ते सरळ पेरा.

पिशवीवर ठळक नाव लिहा. आमच्याकडे सासूबाईंनी ती पिशवी बाहेर काढून ओट्यावर ठेवली होती. "अगं, ही वाळू फ्रीजमध्ये कशाला? काही पूजेचं आहे का?" मी म्हटलं, "आई, त्यात बी आहे, महिनाभर थंडीत ठेवायचंय." त्यांनी देवघरातल्या घटाकडे बघितलं, तिथे धान्य बोटभर वर आलेलं. "आमचं तर चौथ्या दिवशी उगवलं," एवढंच म्हणाल्या आणि पिशवी परत आत ठेवली.

द्राक्षवाले वापरतात ते जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड, यात बी भिजवलं तर फ्रीज टाळता येतो असं कुणीतरी सांगेल. चालतं ते. पण ती पूड पाण्यात सरळ विरघळत नाही, आधी अल्कोहोलमध्ये विरघळवावी लागते आणि मात्रा ग्रॅमच्या अंशांत मोजावी लागते. तीस बियांसाठी कोण करतंय? फ्रीज आहे घरात.

माती, म्हणजे खरं तर खडी

पुण्यात लॅव्हेंडर मरतं त्याचं पहिलं कारण ऊन नाही, मुळाशी साचलेलं पाणी. आपली काळी माती कापसाला उत्तम. लॅव्हेंडरला ती गाळात उभं केल्यासारखी. नर्सरीतून आणलेलं रोप ज्या कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, गोळ्यात असतं तोही स्पंजसारखा आठवडाभर ओला राहतो. म्हणून नर्सरीचं रोप आणलंत तरी आधी हेच करा : गोळा हलक्या हातानं मोकळा करून नव्या मिश्रणात लावा.

हे मिश्रण कुंडीसाठी : दोन भाग खर, एक भाग लाल माती, एक भाग चांगलं मुरलेलं गांडूळखत किंवा पानांचं खत. 'खर' म्हणजे रव्यापेक्षा मोठं आणि साबुदाण्याएवढं काहीही. परलाइट (कुंड्यांसाठी मिळणारे पांढरे, हलके खडे) चालेल, विटांचा चुरा चालेल, बारीक मुरूम चालेल. नदीची वाळू आता सहज मिळत नाही, बांधकामावर दिसते ती क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. ती वापरायला हरकत नाही, पण तशीच नको. तिच्यात दगडाची पिठासारखी भुकटी असते आणि ती ओली झाली की सिमेंटसारखी घट्ट बसते. माझी पद्धत अशी : बादलीत एक तृतीयांश क्रश सँड, वर पाणी, हातानं ढवळायचं आणि गढूळ पाणी लगेच ओतून द्यायचं. पहिलं पाणी ताकासारखं निघतं. पाच-सहा वेळा केल्यावर बादलीचा तळ दिसायला लागतो, तेव्हा थांबायचं. मग वाळत घालून पिठाच्या चाळणीनं चाळायचं, वर राहील ते आपलं, खाली पडेल ते बागेत टाका. तासभर जातो यात. या तासाचं मोल जुलैमध्ये कळतं.

मिश्रण जमलं की नाही हे कुंडी भरून तपासा. वरून फुलपात्रभर पाणी ओता आणि सावकाश आकडे मोजा. दहा म्हणेपर्यंत पृष्ठभागावरचं पाणी आत गेलं पाहिजे आणि लगेचच खालच्या भोकातून यायला लागलं पाहिजे. पाणी तळ्यासारखं उभं राहिलं तर आणखी खर घाला, हळहळू नका.

लॅव्हेंडरला माती उदासीन ते किंचित अल्कधर्मी आवडते, सामू (पीएच) ६.५ ते ७.५. नर्सरीतली लाल माती बऱ्याचदा आम्लाकडे झुकते, म्हणून आठ इंची कुंडीला चमचाभर डोलोमाइट किंवा शेतीचा चुना मिसळा. स्टीकसला मात्र चुना घालू नका, ती थोड्या आम्ल मातीतली आहे.

पेरणीचं मिश्रण वेगळं : धुतलेलं कोकोपीट आणि बारीक परलाइट निम्मं निम्मं, खत शून्य. बीजात स्वतःची शिदोरी असते, खत घातलं की आधी बुरशी जेवते.

पेरणी

पेरायला सगळ्यात चांगलं भांडं म्हणजे महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची पारदर्शक डबी. तळाला भोकं असतात, झाकण असतं, उजेड येतो, फुकट असते. मात्र पेरणीच्या वेळी स्ट्रॉबेरीचा हंगाम सुरू झालेला नसतो, त्यामुळे डब्या आदल्या वर्षीच्या जपून ठेवाव्या लागतात. (आमच्याकडे त्या मी लपवून ठेवते, नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत जातात.)

डबीत दोन इंच मिश्रण भरा, हलकं दाबून सपाट करा. डबी पाण्याच्या ताटात ठेवून खालून ओली होऊ द्या. वरून पाणी घातलं की बारीक बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं. फ्रीजमधली वाळू बियांसकट पृष्ठभागावर चिमटीनं पसरा, रांगोळी सोडतो तशी. बी पुरायचं नाही, उजेड मिळाला तर ते बरं उगवतं. वरून जेमतेम बी झाकेल इतकी परलाइटची भुरभुर, बोटानं हलकंसं दाबलं की झालं.

झाकण लावा, डबी उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवा. पूर्वेकडची खिडकी उत्तम. रोज सकाळी झाकण काढून पाचेक मिनिटं हवा खेळू द्या आणि झाकणाच्या आतलं पाणी पुसा. नोव्हेंबरात पुण्याचं तापमान रात्री १४-१५ आणि दिवसा २९-३० च्या घरात असतं, घरातल्या सावलीत त्यापेक्षा सौम्य. वेगळी ऊब द्यायची गरज नाही.

आणि मग वाट. दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त. उकरून बघायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात मन खचतं, तेव्हा मी डबी दुसऱ्या खोलीत ठेवते.

उगवल्यावरचे नाजूक दोन महिने

आधी दोन गोलसर हिरवी दलं येतात, त्यांच्यावरून काहीच ओळखू येत नाही. खरी पानं आली की ती अरुंद आणि राखाडी झाक असलेली दिसतात. तेव्हा एक पान अगदी हळू चोळून बघा, वास आला पाहिजे.

पहिले अंकुर दिसले की झाकण अर्धवट सरकवा आणि तीन-चार दिवसांत काढूनच टाका. दमटपणा फक्त उगवेपर्यंत उपयोगाचा, नंतर तोच वैरी. या काळात रोपं जातात ती कोलमडून. संध्याकाळी ताठ उभं असलेलं रोप सकाळी आडवं पडलेलं दिसतं आणि मातीला लागून खोड दोऱ्यासारखं बारीक झालेलं असतं. ही बुरशी आहे, आडवं पडलेलं रोप उठत नाही. ते मातीसकट चमच्यानं काढून टाका, पाणी तोडा, डबी वाऱ्यात ठेवा. पेरणीच्या पाण्यात ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, घातलेलं असलं तर हे बरंच टळतं, लिटरला पाच ग्रॅम पुरे. डबीभोवती बारीक चिलटं उडायला लागली तर माती फार ओली आहे असा निरोप समजा. पिवळा चिकट सापळा लावा, पण खरा उपाय पाणी कमी करणं हाच.

ऊन हळूहळू वाढवा : पहिल्या आठवड्यात सकाळचा तासभर, मग दोन, आणि डिसेंबरअखेर चार-पाच तास. उजेड कमी पडला तर रोपं लांबुळकी, फिक्की होऊन खिडकीकडे मान टाकतात.

खऱ्या पानांच्या तीन जोड्या आल्या की प्रत्येक रोप वेगळ्या कपात हलवायचं. चहाचे कागदी कप नकोत, ते विरघळतात. दह्याचे छोटे प्लास्टिक कप घ्या, तापलेल्या सळीनं तळाला चार भोकं पाडा. रोप उचलताना खोडाला धरायचं नाही, पानाला धरायचं. पान तुटलं तर दुसरं येतं, खोड चेंगरलं तर संपलं. आइस्क्रीमच्या लाकडी चमच्यानं मुळाखालून उचलून, कपातल्या खोलगट जागेत ठेवून, कडेनं मिश्रण सारा. आता मिश्रण कुंडीचंच, फक्त खत निम्मं.

पाणी कधी घालायचं हा प्रश्न बोटानं सुटत नाही, कारण वरची खर सुकते आणि आत ओल असते. कप उचला. पाणी घातल्यावर एकदा उचलून वजन हाताला ओळखीचं करून घ्या आणि रिकामा वाटेपर्यंत घालूच नका. आठवडाभरात हात शिकतो.

वाढ अतिशय संथ असते. दोन महिन्यांत दोन इंच झालं तर नाराज होऊ नका. साधारण तीन-चार इंचांचं झालं की शेंडा खुडा, जिवावर आलं तरी. बाजूनं फुटवे येतात आणि झुडूप भरतं. न खुडलेलं रोप एकदांडी उंच होतं आणि पहिल्या वाऱ्यात वाकतं.

कुंडी आणि जागा

फेब्रुवारीत कपातून सहा इंची कुंडीत, पुढच्या वर्षी आठ-दहा इंची. एकदम मोठ्या कुंडीत लावलं तर मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. कुंडी मातीचीच घ्या, रंग न लावलेली. भाजलेली माती स्वतः ओल बाहेर टाकते, प्लास्टिक टाकत नाही. कसब्यातल्या कुंभारवाड्यात किंवा मुंढवा-केशवनगरकडे साध्या कुंड्या मिळतात. भोक लहान असेल तर कानशीनं मोठं करून घ्या.

रोप लावताना त्याची मान, म्हणजे खोड आणि मूळ जिथे जुळतात ती जागा, मातीच्या पातळीच्या किंचित वर ठेवा आणि तिच्याभोवती अर्धा इंच खडीचा थर द्या. नारळाच्या शेंड्या, पालापाचोळा, लाकडाची साल यातलं काही नको. ते ओल धरतात.

बाल्कनी कुठली? दक्षिणेची. थंडीत सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणजे झाड वाढतं त्या महिन्यांत तिथे भरपूर ऊन येतं. मेच्या मध्यावर सूर्य पुण्याच्या थेट डोक्यावर येतो आणि पुढचे दोन-अडीच महिने दुपारी उत्तरेकडे असतो. त्यामुळे ऐन काहिलीत तीच बाल्कनी आपोआप सावलीत जाते. पश्चिमेची बाल्कनी सगळ्यात वाईट, एप्रिलमध्ये तिथली भिंत संध्याकाळी सातपर्यंत भाजत असते.

खताबद्दल फार बोलण्यासारखं नाही. वर्षातून दोनदा, ऑक्टोबरात आणि फेब्रुवारीत, मूठभर गांडूळखत. गुलाबाला घालता तसं शेणखत घातलं तर पानं माजतात, वास जातो आणि झाड मऊ पडतं.

उन्हाळा

सोपा आहे तसा. मार्चपासून अकरानंतरचं ऊन टाळा किंवा ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा. पाणी सकाळी लवकर, मुळाशी, पुन्हा वजन बघूनच. दुपारी पानं थोडी मलूल दिसली तर घाईनं पाणी ओतू नका, संध्याकाळी ती सावरतात. सावरली नाहीत तरच घाला. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर मातीवर पांढरे डाग धरतात. महिन्यातून एकदा वरचा थर खरवडून बदला.

पावसाळा

जून ते सप्टेंबर हा काळ लॅव्हेंडरला त्याच्या मूळ घरी कोरडा असतो. पाऊस तिथे हिवाळ्यात पडतो. आपण त्याचं वर्ष उलटं करून ठेवलेलं आहे. त्यात उन्हानं गरम झालेली माती, वर पाणी आणि रात्री न वाळणारी पानं, एवढं एकत्र आलं की मुळं आठवड्यात सडतात.

माझी सगळ्यात चांगली वाढलेली तीन झाडं अशीच गेली, आणि दोष सर्वस्वी माझा. आषाढात चार दिवस गावाला जायचं होतं. कुंड्या पागोळ्यांपासून लांब, छपराखाली ठेवल्या, पण फरशी खराब होऊ नये म्हणून खालच्या ताटल्या तशाच राहिल्या. तिरपा पाऊस आत आला, ताटल्या भरल्या. परत आले तेव्हा पानं अजून राखाडी-हिरवी होती, झाड ठीक वाटलं, म्हणून हात फिरवला तर वासच आला नाही. नुसता ओल्या फडक्याचा दर्प. खोड मातीलगत काळं पडलं होतं. दोन दिवसांत तिन्ही झाडं सुतळीच्या रंगाची झाली.

तेव्हा मृगाच्या आधी ताटल्या काढा. कुंड्या दोन विटांवर ठेवा, भोक अधांतरी राहील अशा. छप्पर असलेल्या पण वाऱ्याच्या जागी हलवा, बंद खोलीत नको. दोन कुंड्यांत हातभर अंतर ठेवा, पानांतून वारा गेला पाहिजे. जमिनीलगतची, मातीला टेकणारी पानं खुडून टाका. एकदा ट्रायकोडर्माचं पाणी द्या आणि मग सरळ हात बांधून बसा. छपराखालच्या कुंडीला या दिवसांत आठ-दहा दिवसांतून एकदा, तेही वजन हलकं लागलं तर. शहरात पश्चिमेकडे पाऊस जास्त, पूर्वेकडे कमी : बावधन-बाणेरकडच्यांनी अधिक काळजी घ्यायची, हडपसरकडच्यांना थोडी मोकळीक.

एखादी फांदी काळी पडली तर कात्री स्पिरिटनं पुसून ती निरोगी भागापर्यंत कापा. मोठी छाटणी मात्र पावसात करायची नाही.

छाटणी, फुलं आणि नवी रोपं

सप्टेंबर सरताना, आठवडाभर कोरडा गेला की छाटणी. हिरव्या वाढीतला वरचा एक तृतीयांश भाग कापायचा. खाली जिथे खोड तपकिरी, लाकडी आणि बिनपानांचं होतं तिथे कात्री लावायची नाही, त्या लाकडातून फुटवा सहसा येत नाही. याच छाटणीनं झुडूप गोल आणि दाट राहतं. ती टाळली तर दोन वर्षांत खाली काड्या आणि वर झुपका असं ध्यान होतं.

फुलं आलीच तर तुऱ्यातली काही उमलली आणि बाकी कळ्या आहेत अशा वेळी, सकाळी दव वाळल्यावर दांड्यांसकट कापा. जुडी बांधून अंधाऱ्या, हवेशीर जागी उलटी टांगा. आठ-दहा दिवसांत वाळते. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशी टांगा, त्यांना लॅव्हेंडर बाधतं.

बियांपासून आलेली झाडं सारखी नसतात. एकाच पाकिटातलं एक ठेंगणं, एक पसरट, एकाचा वास घमघमीत, दुसऱ्याचा जेमतेम. पण पुण्याचा एक अख्खा पावसाळा ज्या झाडानं काढला ते सोन्यासारखं समजा आणि पुढची रोपं बियांपासून न करता त्याच्याच फांद्यांपासून करा. नोव्हेंबरात न फुललेल्या कोवळ्या शेंड्यांच्या तीन इंची काड्या पेराखाली, म्हणजे पानं फुटतात त्या गाठीखाली, कापा. खालच्या अर्ध्या भागातली पानं काढा, ओल्या क्रश सँडमध्ये निम्म्या खोचा, सावलीत ठेवा. मध लावा, दालचिनी लावा असं सांगतात, मी काहीच लावत नाही. चार ते सहा आठवड्यांनी काडी हलकेच ओढून बघा. तिनं बोट धरून ठेवलं तर मूळ सुटलं आहे. माझ्या दहातल्या सहा-सात तरी लागतात. गेल्या वर्षी लागलेल्यांतली एक सासूबाईंनी मागून घेतली आणि तुळशीवृंदावनाशेजारी ठेवली. तिला त्या रोज पाणी घालणार नाहीत एवढं मी कबूल करून घेतलं आहे.